कुलूपबंद फायरवॉल : घरच्या कॉम्प्युटरवरच्या दोन आठवड्यांच्या नोंदी

आधी मशीनविषयी. एका कंपनीने वापरून काढून टाकलेला डेस्कटॉप आहे, इंटेलचा आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, विंडोज ११ प्रो. ३० ऑक्टोबरला १४,५०० रुपयांना घेतला. आम्ही सदाशिव पेठेत राहतो. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास सुरू होतोय आणि खजिनदार म्हणून २४ सभासदांची कागदपत्रं माझ्याकडे येतात: आधार, पॅन, इंडेक्स टू, नॉमिनेशनचे अर्ज. मी ती स्कॅन करून एका फोल्डरमध्ये लावते. कॉम्प्युटर त्याच कामासाठी घेतला. पुढचं सगळं लिहून ठेवण्याचं कारणही तेच. कागद माझे नव्हते, लोकांनी विश्वासाने दिले होते.

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

आमच्याकडे एका खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी राहते. वाय-फाय घरचंच वापरते. संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. "काकू, हे तुमचं आहे का? मी नेटवर्कवर क्लिक केलं तर उघडलं." स्क्रीनवर माझा फोल्डर होता, सभासदांच्या नावांसकट. पासवर्ड विचारला नव्हता.

पहिलं काम केलं ते कॉम्प्युटरची नेटवर्क केबल काढण्याचं. दुसरं, फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन शेअरिंग बंद केलं. तिथे 'एव्हरीवन'ला वाचायची परवानगी होती. मी काम करत होते तो 'डेटा' नावाचा फोल्डर विकणाऱ्याने दिला तेव्हाच शेअर केलेला होता आणि पासवर्डची अटही काढलेली होती. मी ते तपासलं नव्हतं.

मग विंडोज सिक्युरिटी उघडून फायरवॉल पाहिली, म्हणजे बाहेरून मशीनमध्ये येणाऱ्यांना अडवणारी विंडोजची सोय. नेटवर्कच्या प्रकाराप्रमाणे तिची तीन प्रोफाइल असतात, डोमेन (ऑफिसचं), प्रायव्हेट (घरचं), पब्लिक (परकं), तिन्हींसमोर 'बंद'. चालू करायचं बटण फिकं पडलेलं, दाबता येईना. कंट्रोल पॅनेलमधून गेले तर वर पिवळी पट्टी: तुमच्या सुरक्षेसाठी काही सेटिंग्ज सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर सांभाळतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर या घरात मीच आहे. अकाउंट माझं, आणि तेही अ‍ॅडमिन प्रकारचं.

२००४ साली एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला तेव्हापासून विंडोजची फायरवॉल मुळातच चालू असते. त्यामुळे ती बंद दिसली तर कोणीतरी किंवा कशाने तरी ती बंद केलेली असते, एवढं धरून चालायला हरकत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

आजचा दिवस वाया गेला आणि वर एक नुकसानही करून बसले.

मुलगा सुट्टीसाठी घरी होता. त्याने आधी एक उपयोगाची गोष्ट केली. केबल पाच मिनिटं लावून खोलीतल्या मुलीच्या लॅपटॉपवर पॉवरशेलमध्ये (विंडोजला आज्ञा लिहून द्यायची खिडकी) 'टेस्ट-नेटकनेक्शन'ने माझ्या मशीनचं ४४५ नंबरचं पोर्ट तपासलं. फाइल शेअरिंग याच पोर्टवरून चालतं. उत्तर आलं 'ट्रू', म्हणजे दार उघडं. फोल्डर आता दिसत नाही एवढ्यावर समाधान मानू नका, फोल्डर मी बंद केला होता, दार अजून उघडंच होतं. हा आकडा आणि हे उत्तर वहीत लिहून ठेवलं.

त्यानंतर मी घाई केली. प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि 'नेटएसएच अ‍ॅडव्हफायरवॉल' वापरून तिन्ही प्रोफाइल चालू करायची आज्ञा दिली. 'ओके' आलं. पुन्हा पाहिलं तर बंद. मशीन पुन्हा सुरू केलं, बंद. मग त्याच हत्याराची 'रीसेट' आज्ञा दिली. त्याने फायरवॉल मूळ स्थितीत येते असं वाचलं होतं. तेही 'ओके' म्हणालं, आणि फायरवॉल बंदच राहिली.

रीसेटने एक मात्र केलं. कोणत्या प्रोग्रामसाठी दार उघडायचं हे सांगणारे मशीनवरचे स्थानिक नियम पुसून मूळचे तेवढे ठेवले. माझ्या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरने स्वतःसाठी बनवलेला नियम त्यात गेला. रीसेटच्या आधी 'एक्स्पोर्ट' ही आज्ञा देऊन सगळे नियम एका फाइलमध्ये ठेवता येतात, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मी ते केलं नाही. याची किंमत शुक्रवारी मोजली.

आणखी एक फसवणूक आज कळली. पॉवरशेलमध्ये 'गेट-नेटफायरवॉलप्रोफाइल' एवढंच लिहिलं की ते 'एनेबल्ड ट्रू' दाखवतं. मला वाटलं जमलं. पण ही आज्ञा फक्त या मशीनवरची स्थानिक सेटिंग वाचते. प्रत्यक्षात काय लागू आहे ते पाहायचं तर पुढे 'पॉलिसीस्टोअर' आणि 'अ‍ॅक्टिव्हस्टोअर' असं जोडावं लागतं. जोडल्यावर तिन्ही ठिकाणी 'फॉल्स'. स्थानिक सेटिंग चालू आहे आणि तिच्या डोक्यावर बसलेली पॉलिसी, म्हणजे मशीनवर वरून लादलेला हुकूम, बंद म्हणतेय, असा अर्थ. मी सकाळपासून खालची कडी लावत होते आणि कुलूप वर होतं. साडेतीन तास गेले.

सोमवार, १० नोव्हेंबर

आता आधी कुलूप कोणाचं ते शोधायचं ठरवलं. शक्यता तीन वाटल्या. हे मशीन अजून जुन्या कंपनीला बांधलेलं आहे, किंवा व्हायरसने हे केलंय, किंवा कोणीतरी मागे ठेवून गेलेली पॉलिसी आहे.

पहिलीसाठी सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे 'अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल' पाहिलं. रिकामं. मग कमांड प्रॉम्प्टवर 'डीएसरेगसीएमडी' आणि स्लॅश 'स्टेटस'. डोमेन जॉइन्ड, अझूर एडी जॉइन्ड, वर्कप्लेस जॉइन्ड, तिन्हींसमोर 'नो'. म्हणजे बाहेरून कोणी हे चालवत नाही.

ही तपासणी गाळू नका. मुलगा हिंजवडीला नोकरी करतो, त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर अगदी हीच पिवळी पट्टी दिसते. तिथे या आज्ञेला 'येस' येतं, आणि ते बरोबर आहे. ते मशीन कंपनीचं, कुलूप कंपनीचं. तिथे पुढचं काहीही करू नये, त्यांच्या आयटीवाल्यांना विचारावं.

दुसरीसाठी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मशीन जोडून डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, अपडेट केला. पूर्ण स्कॅनला सव्वा तास लागला. मग ऑफलाइन स्कॅन, यात मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते. त्याला पंधरा-वीस मिनिटं. दोन्हीत काही सापडलं नाही. टास्क शेड्युलरमधली कामंही एकेक वाचली, अनोळखी काही नव्हतं. सर्व्हिसेसमध्ये फायरवॉलची सर्व्हिस आणि ती जिच्यावर उभी असते ती 'बेस फिल्टरिंग इंजिन', दोन्ही चालू. यातली एक जरी बंद असती तर आजार वेगळा असता.

उरली तिसरी.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ज्यांच्याकडून घेतला त्यांना फोन केला. "मॅडम, आणून द्या, फॉरमॅट मारून देतो, ८०० रुपये." फायरवॉल का बंद होती हे त्यांना सांगता आलं नाही. फोल्डर शेअर का होता यावर ते म्हणाले, सगळ्याच मशीनवर करतो, कॉपी करायला सोपं पडतं.

फॉरमॅटचा सल्ला चुकीचा नाही. वापरलेलं मशीन घेतलं तर पहिल्याच दिवशी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवून कोरं बसवावं, त्याला पर्याय नाही असं आता माझं मत आहे. ते ३० ऑक्टोबरला केलं असतं तर या नोंदी लिहायची वेळ आली नसती. पण आता मशीनवर हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं, ऑडिटरने मागितलेले तक्ते अर्धे झाले होते, आणि सभासदांचे कागद असलेली डिस्क मी दुसऱ्याच्या दुकानात ठेवणार नव्हते. तपकीर गल्लीत जाऊन ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह आणला, ४५० रुपये. सगळं त्यात उतरवून कपाटात ठेवलं. मग हात मोकळे झाले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

रजिस्ट्री. ही विंडोजच्या सेटिंग्जची साठवण, तिच्यातल्या फोल्डरला 'की' म्हणतात. रेजएडिट उघडून एचकेईवाय लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, आणि तिथे 'विंडोजफायरवॉल' नावाची की. आत डोमेनप्रोफाइल, प्रायव्हेटप्रोफाइल, पब्लिकप्रोफाइल, आणि प्रत्येकात 'एनेबलफायरवॉल' शून्य. घरच्या मशीनवर पॉलिसीजखाली ही की सहसा नसतेच.

या वेळी शहाणपणा केला. कीवर उजवं क्लिक करून आधी एक्स्पोर्ट, पेन ड्राइव्हवर. मग पूर्ण 'विंडोजफायरवॉल' की काढून टाकली. मशीन पुन्हा सुरू केलं.

पिवळी पट्टी गेली. बटणं जिवंत झाली. तिन्ही प्रोफाइल चालू. रात्रीचे दहा वाजले होते, आणि तिथेच थांबले असते तर काम झालं असं समजून झोपले असते.

पण खात्री म्हणून 'जीपीअपडेट' आणि स्लॅश 'फोर्स' दिलं, म्हणजे सगळ्या पॉलिसी पुन्हा लावायला सांगितलं. बऱ्याच ठिकाणी शेवटची पायरी म्हणून हे करायला सांगतात. दहा सेकंदांत पट्टी परत आली. रजिस्ट्री पाहिली तर की जशीच्या तशी पुन्हा उगवलेली.

राग आला खरा, पण आज विचार करता ती आज्ञा दिली ते फार बरं झालं. नाहीतर ही की पुढे कधीतरी, दुसरी एखादी पॉलिसी बदलताना, मला नकळत परत आली असती.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी लाइट गेली ती दुपारी दोनला आली. पाणीही नव्हतं. मशीनला हात लागला नाही. मोबाइलवर वाचत बसले आणि कारण सापडलं.

रजिस्ट्रीतली की ही नक्कल आहे. मूळ प्रत सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, ग्रुपपॉलिसी, मशीन या फोल्डरमध्ये 'रजिस्ट्री डॉट पोल' या फाइलमध्ये असते. ग्रुपपॉलिसी हा फोल्डर लपवलेला असतो, एक्स्प्लोररमध्ये लपलेल्या गोष्टी दाखवायला सांगितल्याशिवाय दिसत नाही. 'फोर्स' म्हटलं की विंडोज ही फाइल पुन्हा वाचतं आणि त्यातलं सगळं रजिस्ट्रीत नव्याने लिहितं. मी तण वरून कापलं होतं, मूळ तसंच होतं.

लाइट आल्यावर फाइल पाहिली. होती. बदलल्याची तारीख मशीन माझ्याकडे येण्याच्या दोन वर्षं आधीची. म्हणजे हे जुन्या ऑफिसात केलेलं होतं. त्यांच्याकडे बहुधा वेगळी फायरवॉल असेल, म्हणून विंडोजची बंद ठेवली असेल. ती वेगळी फायरवॉल तिथेच राहिली आणि 'बंद ठेव' हा हुकूम माझ्या घरी आला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रो आवृत्ती असल्याने 'जीपीएडिट' हा पॉलिसी बदलायचा प्रोग्राम मिळतो. होम आवृत्तीत ते नसतं, त्यांच्यासाठी खाली लिहिते.

सगळे सांगतात त्या जागी आधी गेले: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, नेटवर्क, नेटवर्क कनेक्शन्स, विंडोज डिफेंडर फायरवॉल. तिथे प्रत्येक ओळीसमोर 'नॉट कॉन्फिगर्ड'. पाऊण तास तिथेच ओळी उघडून बंद करत होते, कारण सगळं रिकामं असूनही फायरवॉल बंद कशी, हे समजेना.

फायरवॉलची पॉलिसी दोन ठिकाणांहून लावता येते. दुसरी जागा: विंडोज सेटिंग्ज, सिक्युरिटी सेटिंग्ज, आणि त्यात 'विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटी'. तिथे प्रॉपर्टीज उघडल्या तर प्रत्येक प्रोफाइलचा एक टॅब आणि तिन्हींत फायरवॉल स्टेट 'ऑफ'. तिन्ही ठिकाणी 'नॉट कॉन्फिगर्ड' केलं, ओके केलं, पुन्हा 'जीपीअपडेट फोर्स'. या वेळी की परत आली तरी 'एनेबलफायरवॉल' त्यात नव्हतं. अ‍ॅक्टिव्हस्टोअर विचारलं, तिन्ही 'ट्रू'. सहा दिवसांनी पहिल्यांदा.

इथपर्यंत दुपार झाली. मग स्कॅनर.

आमचा स्कॅनर वाय-फायवरचा आहे आणि त्याच्यावरचं बटण दाबलं की तो स्कॅन कॉम्प्युटरकडे ढकलतो. फायरवॉल बंद होती तोवर ते चालत होतं. आता बटण दाबलं की 'कॉम्प्युटर सापडत नाही'. कारण उघड वाटलं: रविवारच्या रीसेटने त्याचा नियम पुसला. स्कॅनरचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवलं. 'डब्ल्यूएफ डॉट एमएससी' उघडून येणाऱ्या नियमांची यादी पाहिली, नियम परत आलेला, हिरव्या खुणेसकट. तरी स्कॅन येईना. स्कॅनर बंद-चालू केला, राउटर बंद-चालू केला, पुन्हा सॉफ्टवेअर. दीड तास.

शेवटी त्याच खिडकीत डावीकडे खाली 'मॉनिटरिंग' आहे तिथे गेले. या यादीत फक्त प्रत्यक्ष लागू असलेले नियम दिसतात. माझ्या स्कॅनरचा नियम तिथे नव्हता. स्कॅनरचाच काय, प्रायव्हेट नेटवर्कसाठीचा स्थानिक नियम एकही नव्हता. हिरवी खूण असूनही फायरवॉल त्यांना विचारतच नव्हती.

परत जीपीएडिट, तीच प्रॉपर्टीजची खिडकी, प्रायव्हेटचा टॅब. खाली सेटिंग्जसमोर 'कस्टमाइझ' असं छोटं बटण आहे. दुपारी मी ते पाहिलंच नव्हतं. आत अगदी तळाशी 'रूल मर्जिंग', आणि 'स्थानिक फायरवॉल नियम लागू करा' याला उत्तर 'नो'. कंपनीत हे बरोबर असेल, कर्मचाऱ्याने स्वतःचे नियम घालू नयेत म्हणून. घरी याचा अर्थ एवढाच की मी काहीही परवानगी दिली तरी ती कागदावरच राहणार.

या वेळी एकेक खूण काढत बसले नाही. डावीकडच्या नावावर उजवं क्लिक करून 'क्लिअर पॉलिसी' केलं, या भागातली सगळी पॉलिसी जाते. पुन्हा फोर्स. रजिस्ट्रीतली की रिकामी झाली, मॉनिटरिंगमध्ये नियमांची लांबलचक यादी आली, आणि बटण दाबल्यावर स्कॅन आला. रात्री साडेनऊ.

होम आवृत्तीवाल्यांसाठी: जीपीएडिट नसलं तरी अशी पोल फाइल मशीनवर असेल तर सिस्टिम३२ मधल्या ग्रुपपॉलिसीतल्या 'मशीन' फोल्डरचं नाव बदलून ठेवावं, पुसू नये. मग रजिस्ट्रीतली की एक्स्पोर्ट करून काढावी आणि मशीन पुन्हा सुरू करावं. याने फायरवॉलच नाही तर त्या फाइलमधल्या बाकी पॉलिसींचाही उगम जातो, हे लक्षात ठेवावं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

फायरवॉल चालू झाली म्हणजे घर बंद झालं असं नाही. आमचं नेटवर्क 'प्रायव्हेट' म्हणून नोंदलेलं होतं. प्रायव्हेटमध्ये विंडोज आसपासच्या मशीनना घरचं माणूस मानतं. वाय-फाय तीन-चार जण वापरत असतील तर मी तसं मानणार नाही, मुलगी कितीही गुणी असली तरी. नेटवर्क 'पब्लिक' केलं.

त्यामुळे स्कॅनर पुन्हा अडला, पण या वेळी का ते माहीत होतं. त्याचा नियम फक्त प्रायव्हेटपुरता होता. नियमात पब्लिक जोडलं आणि 'स्कोप'च्या टॅबमध्ये समोरचा पत्ता म्हणून फक्त स्कॅनरचा, १९२.१६८.१.२०, घातला. राउटरमध्ये तो पत्ता स्कॅनरसाठी राखून ठेवला, नाहीतर उद्या तो दुसऱ्याच्या मोबाइलला मिळेल. पासवर्डशिवाय शेअरिंगची सोय बंद केली. सगळे नियम एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर.

मग खोलीतल्या मुलीला हाक मारली. तिच्या लॅपटॉपवर तीच ४४५ ची तपासणी. एकवीस सेकंद गोल फिरलं आणि 'फॉल्स' आलं. रविवारच्या 'ट्रू'च्या खाली वहीत लिहिलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आठवडाभरात विंडोजचं एक अपडेट आलं, मशीन चार वेळा बंद-चालू झालं, एकदा मुद्दाम फोर्सही दिलं. की रिकामीच राहिली, अ‍ॅक्टिव्हस्टोअर 'ट्रू' आहे. एकूण साधारण तेरा तास आणि पेन ड्राइव्हचे ४५० रुपये लागले.

एक काम उरलं होतं, ते आज केलं. ३० ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर, नऊ दिवस सभासदांचे कागद आमच्या घरच्या नेटवर्कवर कोणालाही वाचता येत होते. ते कोणी वाचले का, हे मला सांगता येणार नाही. कमिटीच्या बैठकीत हे उभं राहून सांगितलं, तारखांसकट. चिटणीस म्हणाले, सांगायची गरज नव्हती. समोरच्या जिन्यातल्या आजी म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस. माझं आधार परत दे."

आधारच्या पूर्ण नंबराची आपल्याला गरजच नव्हती. शेवटचे चार अंक सोडून बाकी झाकलेलं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवता येतं. पुनर्विकासाच्या फाइलला ते चालेल का, हे आधी वकिलांना विचारून घेतलं होतं, ते हो म्हणाले. आजींचं त्यांच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने तिथेच उतरवलं. जुनी प्रत त्यांच्यासमोर मशीनवरून आणि पेन ड्राइव्हवरून पुसली. तेवीस सभासद बाकी आहेत, रोज संध्याकाळी सहा ते आठ बसते.